पाच मुले आणि एक बेट

लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्स या उद्यानात १ मे १९१२ रोजी सकाळी दाईंबरोबर फिरायला आलेल्या मुलांना तळ्याकाठी एक नवल दिसले. आदल्या दिवशी जिथे काहीच नव्हते, तिथे ब्राँझचा एक मुलगा पावा वाजवत उभा होता आणि त्याच्या पायाशी ससे, खारी, उंदीर व पऱ्या जमल्या होत्या. पुतळा रातोरात, गाजावाजा न करता बसवण्यात आला होता. मोठ्यांना त्याचा उलगडा त्या दिवशीच्या ‘टाइम्स’मधल्या छोट्याशा निवेदनातून झाला. मुलांनी मात्र तो पऱ्यांनीच आणून ठेवला असे समजावे, अशी व्यवस्था होती.

ज्यांनी पदरचे पैसे घालून हा पुतळा करवून घेतला, ते नाटककार जेम्स मॅथ्यू बॅरी स्वतः त्यावर फारसे खूश नव्हते. शिल्पकार जॉर्ज फ्रॅम्प्टन यांना त्यांनी नमुना म्हणून मायकेल नावाच्या एका मुलाची छायाचित्रे दिली होती. फ्रॅम्प्टन यांनी घडवताना दुसराच मुलगा समोर ठेवला. पीटर पॅनमध्ये जो एक सैतान दडलेला आहे तो या शिल्पात उतरलाच नाही, अशी बॅरी यांची तक्रार राहिली. आपल्याकडे पीटर पॅन म्हटले की डिस्नेच्या १९५३ च्या चित्रपटातला हिरव्या कपड्यांचा, हसरा, उडता मुलगा डोळ्यांपुढे येतो. त्यात सैतान कुठला, असा प्रश्न पडावा. त्याचे उत्तर बॅरी यांच्या आयुष्यात आहे आणि ते आयुष्य त्या पुतळ्याइतके गोजिरवाणे नाही.

स्कॉटलंडच्या अँगस परगण्यातल्या किरिम्यूर या विणकरांच्या गावी ९ मे १८६० रोजी बॅरी यांचा जन्म झाला. वडील डेव्हिड बॅरी हातमागावर कापड विणत. आई मार्गारेट ओगिल्व्ही हिने तिथल्या रीतीप्रमाणे लग्नानंतरही माहेरचेच नाव ठेवले होते. दहा भावंडांत जेम्स नववा. त्याच्या जन्माआधीच दोघे दगावले होते. घर लहान, माणसे पुष्कळ, पण शिक्षणाची ओढ दांडगी. घरामागे कपडे धुण्याची एक छोटी खोली होती. तिथे जेम्सने सवंगड्यांना जमवून आपले पहिले नाटकाचे खेळ केले. पुढे ‘पीटर पॅन’मधल्या वेंडीसाठी बांधलेल्या घरकुलाचे मूळ याच खोलीत शोधले जाते.

आईचा लाडका मुलगा जेम्स नव्हता, डेव्हिड होता. देखणा, हुशार, पुढे धर्मोपदेशक होणार असे घरच्यांनी ठरवूनच टाकलेला. शिक्षणासाठी तो थोरल्या भावाकडे राहत होता. १८६७ च्या जानेवारीत बर्फावर स्केटिंग चालू असताना तो पडला, डोक्याला मार लागला आणि चौदावा वाढदिवस उद्यावर आला असताना त्याचा मृत्यू झाला. आईने अंथरूण धरले, ते महिनोन्‌महिने. सहा वर्षांच्या जेम्सने तिला हसवायचा ध्यास घेतला. किती वेळा ती हसली याच्या खुणा तो कागदावर करून ठेवी. एकदा तर त्याने मेलेल्या भावाचे कपडे चढवले, त्याच्यासारखी पाय फाकून उभे राहत शीळ घालण्याची लकब गिरवली आणि तसाच आईच्या खोलीत गेला. त्या क्षणी तिला काय वाटले असेल याची कल्पनाच करावी. पुढे तिने एका विचारात आधार शोधला. बाकीची मुले मोठी होतील, दूर जातील. डेव्हिड मात्र कायम तेरा वर्षांचाच राहील. हा विचार घरात इतका मुरला की जेम्सच्या मनातून तो कधी गेला नाही. मोठ्या न होणाऱ्या मुलाची कथा बॅरी यांना कशी सुचली याची अनेक उत्तरे दिली जातात. त्यांतले हे सर्वांत जुने आणि बहुधा सर्वांत खरे.

पुढे ग्लासगो, फॉरफर आणि डमफ्रीज येथे त्यांचे शिक्षण झाले. डमफ्रीजमध्ये ‘मोट ब्रे’ नावाच्या एका बंगल्याच्या बागेत ही मुले चाचे होऊन झाडांवर चढत, जहाजे लुटत. या खेळांवर बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’सारख्या बेटांच्या साहसकथांची दाट छाया होती. नेव्हरलँडची पहिली आखणी या बागेतच झाली, असे बॅरी यांनी उतारवयात मान्य केले. ही वास्तू २०१९ मध्ये बालसाहित्याचे केंद्र म्हणून उघडण्यात आली आणि पैशांअभावी २०२४ मध्ये ते केंद्र बंदही पडले.

एडिंबरा विद्यापीठातून १८८२ मध्ये एम. ए. झाल्यावर बॅरी यांनी नॉटिंगहॅमच्या एका दैनिकात अग्रलेख लिहिण्याची नोकरी धरली. ती फार काळ टिकली नाही. घरी परतल्यावर आईने सांगितलेल्या जुन्या किरिम्यूरच्या आठवणी त्यांनी लेखरूपाने लंडनच्या ‘सेंट जेम्स गॅझेट’कडे पाठवल्या. संपादकाला हा स्कॉटिश माल पसंत पडला आणि त्याने आणखी मागवला. १८८५ मध्ये बॅरी लंडनला आले. ‘ऑल्ड लिक्ट आयडिल्स’, ‘अ विंडो इन थ्रम्स’, ‘द लिटल मिनिस्टर’ या पुस्तकांनी त्यांना नाव आणि पैसा मिळवून दिला. या पुस्तकांत रडवेपणा जरा जास्तच आहे, असे तेव्हाच्या कडक समीक्षकांचे मत होते आणि आज ती वाचणाऱ्याला ते पटते. सामोआ बेटावर जाऊन राहिलेल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला. ‘ट्रेझर आयलंड’च्या या लेखकाने त्यांना आपल्या बेटावर बोलावलेही होते. १८९४ मध्ये स्टीव्हन्सन गेले आणि ती भेट राहून गेली.

जेमतेम सव्वापाच फूट उंची, मोठे कपाळ, तोंडात पाइप, सतत खोकला आणि लांबलचक मौन, असे बॅरी यांचे व्यक्तिमत्त्व होते. पण या अबोल माणसाला क्रिकेटचे वेड विलक्षण. १८८७ मध्ये त्यांनी लेखक-मित्रांचा एक संघ काढला. आर्थर कॉनन डॉयल, जेरोम के. जेरोम, पी. जी. वुडहाउस, ए. ए. मिल्न अशी मंडळी त्यात वेगवेगळ्या काळी खेळली. संघाचे नाव ‘अल्लाहअकबरीज’. देवा, वाचव रे, असा त्या अरबी शब्दांचा अर्थ असल्याची त्यांची समजूत होती! आफ्रिकेचा प्रवास केलेल्या एका मित्राने ती करून दिली होती. डॉयल वगळता बहुतेकांचा खेळ पाहता चुकीचा अर्थच संघाला जास्त शोभत होता.

नाटकाच्या निमित्ताने अभिनेत्री मेरी ॲन्सेलची ओळख झाली आणि १८९४ मध्ये दोघांनी लग्न केले. हा संसार सुखाचा झाला नाही. मूल झाले नाही. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, आई आणि तिची सेवा करणारी बहीण तीन दिवसांच्या अंतराने वारल्या. बॅरी यांनी आईचे चरित्र तिच्याच नावाने प्रसिद्ध केले.

मेरीने पाळलेल्या पॉर्थोस या सेंट बर्नार्ड जातीच्या कुत्र्याला घेऊन बॅरी रोज केन्सिंग्टन गार्डन्समध्ये फिरायला जात. १८९७ मध्ये तिथे त्यांची दोन लहान मुलांशी गट्टी जमली. लाल टोप्या घातलेली ही मुले म्हणजे जॉर्ज आणि जॅक लुएलिन डेव्हिस. धाकटा पीटर तेव्हा बाबागाडीत होता. कान हलवून दाखवणारा, भुवया नाचवणारा आणि चाचे व पऱ्यांच्या गोष्टी सांगणारा हा छोटा माणूस मुलांना त्यांच्यातलाच वाटला. योगायोगाने एका मेजवानीत बॅरी यांच्या शेजारी मुलांची आई सिल्व्हिया बसली. ती चित्रकार-कादंबरीकार जॉर्ज द्यू मॉरिए यांची मुलगी. नवरा आर्थर तरुण बॅरिस्टर. पुढे मायकेल आणि निको ही आणखी दोन मुले झाली. बॅरी त्या घरात जवळजवळ रोज येऊ लागले. आर्थरला हे फारसे रुचत नव्हते, पण सभ्य गृहस्थ असल्याने त्याने ते चालवून घेतले. मेरीला काय वाटत होते याची विचारपूस कोणी केल्याचे दिसत नाही.

पीटर नावाचे तान्हे बाळ उडू शकते, अशी थाप बॅरी यांनी मोठ्या भावांना मारली आणि पीटर पॅन जन्मला. माणसाची मुले आधी पक्षी असतात, म्हणून त्यांच्या खिडक्यांना गज लावावे लागतात, ही त्यामागची उपपत्ती. १९०१ च्या उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या ब्लॅक लेक कॉटेज या बॅरींच्या घरी मुलांनी जंगलात झोपड्या बांधल्या, तळ्यावर चाच्यांशी लढाया केल्या आणि तळ्यालाच समुद्र मानले. पॉर्थोस कधी वाघ झाला, कधी चाच्याचा कुत्रा. बॅरी यांनी या सगळ्याची छायाचित्रे काढून ‘द बॉय कास्टअवेज ऑफ ब्लॅक लेक आयलंड’ हे पुस्तक छापून घेतले. लेखक म्हणून नाव घातले चार वर्षांच्या पीटरचे. प्रती दोनच. त्यांतली एक आर्थरला दिली, ती त्याने आगगाडीत विसरून घालवली. ही विसर खरोखरच होती का, अशी शंका चरित्रकारांना येत राहिली आहे. दुसरी प्रत अमेरिकेतल्या येल विद्यापीठात जपलेली आहे.

छापील मजकुरात पीटर पॅन प्रथम आला तो १९०२ च्या ‘द लिटल व्हाइट बर्ड’ या मोठ्यांच्या कादंबरीत. त्याला रंगभूमीवर आणायचे बॅरी यांनी ठरवले तेव्हा ते संहितेसह अभिनेते-व्यवस्थापक बीअरबोम ट्री यांच्याकडे गेले. वाचन ऐकून ट्री यांची खात्री झाली की बॅरींचे डोके फिरले आहे, आणि अमेरिकी निर्माते चार्ल्स फ्रोमन यांना त्यांनी तसा सावधगिरीचा इशाराही दिला. फ्रोमन मात्र संहिता वाचून वेडे झाले. रस्त्यात मित्रांना थांबवून ते त्यातले प्रवेश करून दाखवत. तालमी गुप्तपणे चालल्या. नटांना तारांवरून उडवण्यासाठी जॉर्ज कर्बी यांनी खास यंत्रणा बनवली. या यंत्रसामग्रीनेच दगा दिल्यामुळे २२ डिसेंबर १९०४ चा ठरलेला प्रयोग पुढे ढकलावा लागला. अखेर २७ डिसेंबरला ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरचा पडदा वर गेला. पीटरचे काम नीना बूसिको या अभिनेत्रीने केले. कॅप्टन हुक आणि मुलांचे वडील या दोन्ही भूमिका एकाच नटाने, सिल्व्हियाचा भाऊ जेराल्ड द्यू मॉरिए याने रंगवल्या.

त्या रात्री बॅरी यांना खरी धास्ती एका प्रवेशाची होती. विष प्यायलेली टिंकर बेल ही परी मरणाच्या दारात आहे आणि पीटर प्रेक्षकांकडे वळून, पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा, अशी विनवणी करतो. सभागृहात बहुतांश मोठी माणसे. कोणीच टाळी वाजवली नाही तर? म्हणून वादकांना सांगून ठेवण्यात आले होते की शांतता पसरलीच तर वाद्ये खाली ठेवून टाळ्या सुरू करा. त्याची गरज पडली नाही. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की नीना बूसिकोला रंगमंचावरच रडू फुटले.

वेंडी हे नाव या नाटकाने लोकप्रिय केले. कवी डब्ल्यू. ई. हेन्ली यांची छोटी मार्गारेट बॅरींना मित्र म्हणू पाहायची, पण तिला ‘र’ म्हणता येत नसे. तिच्या बोबड्या शब्दातून हे नाव घडले. ती मुलगी लहानपणीच वारली. बॅरींच्या कथेत मोठी न झालेली मुले अशी पावलोपावली भेटतात.

नाटकाची कादंबरी ‘पीटर अँड वेंडी’ १९११ मध्ये आली. बेटाचा खरा नकाशा तिच्यात आहे. हे बेट प्रत्येक मुलाच्या मनात वेगळे असते; कोणाच्या बेटावर खाजण असते, कोणाच्या बेटावर उलटी टाकलेली होडी. चाचे हरवलेल्या मुलांच्या मागावर, टोळीवाले चाच्यांच्या मागावर, श्वापदे टोळीवाल्यांच्या मागावर, अशी सगळी मंडळी एकाच वेगाने बेटाभोवती फिरत राहतात आणि म्हणून कोणीच कोणाला गाठत नाही. पोटात घड्याळ टिकटिकणारी मगर हुकच्या मागे लागलेली असते. मुलांना ती विनोदी वाटते. चाळिशीच्या वाचकाला त्या टिकटिकीचा अर्थ निराळा लागतो. (बेटावरच्या टोळीवाल्यांचे जे चित्रण बॅरी यांनी केले त्यावर आज आक्षेप घेतला जातो आणि तो योग्यच आहे. तत्कालीन साहसकथांतले वांशिक ठोकळे त्यांनी जसेच्या तसे उचलले.)

सैतानही याच पुस्तकात सापडतो. हरवलेली मुले मोठी होऊ लागली की पीटर त्यांची संख्या कमी करतो, असे बॅरी एका ओळीत जाता जाता लिहून जातात. पीटर हुकला मारतो आणि वर्षभरात त्याचे नावही विसरतो. टिंकर बेलही त्याला आठवत नाही. शेवटी तो वेंडीला न्यायला येतो तेव्हा ती आई झालेली असते, आणि तो तिच्या मुलीला घेऊन उडून जातो. ज्याला काळ लागत नाही त्याला माणसेही लागत नाहीत. ही निष्ठुरता गाळून या कथेचा गोड पाक करण्याचे काम नंतरच्या चित्रपटांनी केले.

नाटक दर नाताळात गर्दी खेचत होते, तेव्हा ज्या घरातून ते आले ते घर कोसळत होते. जबड्याच्या कर्करोगाने १९०७ मध्ये आर्थर गेला. त्याच्या आजारपणाचा खर्च बॅरी यांनी उचलला, आणि ज्या माणसाला आपण इतकी वर्षे सहन केले त्याच्याविषयी आर्थरच्या मनात अखेरच्या दिवसांत कृतज्ञता निर्माण झाली. १९०९ मध्ये मेरीचे लेखक गिल्बर्ट कॅनन याच्याशी असलेले संबंध उघड झाले आणि बॅरींचा घटस्फोट झाला. १९१० मध्ये सिल्व्हियाही कर्करोगाने वारली. पाच मुले पोरकी झाली. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा सहाचा.

सिल्व्हियाने मुलांच्या भवितव्याविषयी एक टिपण लिहून ठेवले होते. दाई मेरी हॉजसनच्या मदतीला तिची बहीण जेनी यावी, असे त्यात होते. बॅरी यांनी त्या कागदाची स्वहस्ते नक्कल करून मुलांच्या आजीकडे पाठवली, तेव्हा जेनीच्या जागी जिमी असे उतरले. जिमी म्हणजे बॅरी स्वतः. अक्षर लावताना झालेली ही चूक होती की आणखी काही, यावर आजही एकमत नाही. टिपणात अन्यत्र सिल्व्हियाने त्यांचे नाव पालकांमध्ये घेतले होते आणि मुलांचा खर्च करण्याची ऐपतही त्यांचीच होती, हे लक्षात घ्यावे लागते. मुले त्यांच्याकडे आली. त्यांना बॅरी यांनी शिकवले, मासेमारीला नेले, कशाची ददात पडू दिली नाही.

पहिल्या महायुद्धात मार्च १९१५ मध्ये जॉर्ज फ्लँडर्सच्या आघाडीवर गोळी लागून मारला गेला. तो एकवीस वर्षांचा होता. दोनच महिन्यांनी ‘लुसिटानिया’ जहाज बुडाले आणि त्यात फ्रोमन गेले. त्याहून मोठा घाव १९ मे १९२१ रोजी बसला. ज्याची छायाचित्रे पुतळ्यासाठी दिली होती तो मायकेल ऑक्सफर्डजवळच्या सँडफर्ड येथील डोहात आपल्या मित्रासह बुडाला. एकविसावा वाढदिवस महिन्याभरावर होता. त्याला पोहणे धड येत नव्हते आणि पाण्याची भीती होती. चौकशीत अपघात असा निर्णय झाला, कुजबुज मात्र थांबली नाही. बॅरी यानंतर पूर्वीचे राहिले नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे ‘मेरी रोझ’ हे नाटक आले होते. त्यातली तरुणी हेब्रिडीजमधल्या एका बेटावर नाहीशी होते आणि अनेक वर्षांनी, वय तसूभरही न वाढता, परत येते. तोवर तिचे मूल मोठे होऊन दूर गेलेले असते. नेव्हरलँड मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले तर कसे दिसेल, ते या नाटकात आहे.

मानसन्मान येत राहिले. १९१३ मध्ये सर ही पदवी, १९२२ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट, १९३० मध्ये एडिंबरा विद्यापीठाचे कुलपतिपद. उजव्या हाताला कळा येऊ लागल्या तेव्हा ते डाव्या हाताने लिहायला शिकले. किरिम्यूरला त्यांनी क्रिकेटचे पॅव्हेलियन बांधून दिले. १९ जून १९३७ रोजी लंडनमध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. किरिम्यूरच्या टेकडीवर, आईवडिलांशेजारी त्यांची कबर आहे.

मुलांशी असलेल्या त्यांच्या नात्याविषयी पुढे बऱ्याच शंका घेतल्या गेल्या. पाचांतला शेवटचा निको १९८० पर्यंत होता. चरित्रकार अँड्र्यू बर्किन यांना त्याने अशा सर्व संशयांविरुद्ध ठाम शब्दांत ग्वाही दिली. पीटरची कहाणी वेगळी. तो युद्धातून मनाने मोडून परतला, प्रकाशक झाला, पण आयुष्यभर लोकांनी त्याला पीटर पॅन म्हणूनच ओळखले. त्या नाटकाचा उल्लेखही त्याला नकोसा होता. घराण्याची जुनी पत्रे जमवून त्याने संग्रह केला आणि त्याला शवागार असे नाव दिले. बॅरींच्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांच्या सचिव सिंथिया ॲस्क्विथ यांना मिळाला. ५ एप्रिल १९६० रोजी पीटरने लंडनच्या स्लोन स्क्वेअर स्थानकात गाडीखाली उडी घेतली. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या मथळ्यांत त्याच्या नावाऐवजी पुन्हा पीटर पॅनच होता.

‘पीटर पॅन’चे हक्क या सगळ्यांपैकी कोणालाच मिळाले नाहीत. ते बॅरी यांनी १९२९ मध्येच लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले होते. कायद्याप्रमाणे ब्रिटनमधली हक्कांची मुदत १९८७ अखेर संपली. तेव्हा माजी पंतप्रधान जेम्स कॅलाहन यांच्या पुढाकाराने १९८८ च्या स्वामित्वहक्क कायद्यात एक खास कलम घालण्यात आले. त्यानुसार ब्रिटनमधील प्रयोगांचे आणि आवृत्त्यांचे मानधन रुग्णालयाला कायमचे मिळते. या देणगीतून किती रक्कम आली हे जाहीर करू नये, अशी बॅरी यांची इच्छा होती. रुग्णालयाने ती पाळली आहे.